आपल्याच पुण्यात पाहुणे व्हावे कसे: पेठांतून फिरू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

पुण्यात ‘नवा पूल’ म्हणून ओळखला जाणारा पूल १९२३ साली खुला झाला, म्हणजे या ‘नव्या’ पुलाने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. ‘लकडी पुला’त आज लाकडाची एक फळीही नाही. अप्पा बळवंत चौकात दरवर्षी जून महिन्यात पुस्तकांसाठी रांगा लावणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले, तर अप्पा बळवंत मेहेंदळे हे पेशवाईतले एक सरदार होते हे बहुतेकांच्या गावीही नसते. या शहरात वाडे पडले, वेशी गेल्या, ओढ्यांचे प्रवाह वळवले गेले. परंतु नावे मात्र लोकांच्या तोंडी टिकून राहिली. म्हणून पुण्याचा इतिहास शोधू इच्छिणाऱ्या नवख्या माणसाने वास्तूंच्या यादीऐवजी नावांपासून सुरुवात करावी, असे मला अनेक वर्षांच्या भटकंतीनंतर वाटते.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, नोकरीनिमित्त किंवा शिक्षणासाठी पुण्यात आलेले आणि घर ते कचेरी एवढेच शहर पाहिलेले. दुसरे, जन्मापासून येथेच राहणारे, पण शहराच्या मध्यभागी केवळ तुळशीबागेतल्या खरेदीपुरते किंवा गणपतीच्या दहा दिवसांत जाणारे. माझ्या अनुभवानुसार दुसऱ्या प्रकारच्या लोकांना हे काम अधिक अवघड जाते, कारण आपल्याला सारे ठाऊक आहे या समजुतीने डोळे मिटलेले असतात. मी स्वतः शाळेच्या वयापासून कित्येक वर्षे लाल महालाची आजची इमारत शिवकालीनच आहे असे समजत होतो.

पहिली पायरी: शहराचा एकच तुकडा निवडावा

एका दिवसात ‘पुणे दर्शन’ करण्याचा मोह आवरावा. त्या पद्धतीने दहा ठिकाणी छायाचित्रे निघतात आणि एकही ठिकाण ध्यानात राहत नाही. त्याऐवजी अडीच-तीन तासांत पायी उरकेल एवढाच भाग निवडावा. सुरुवातीला कसबा पेठ आणि तिच्या आसपासचा परिसर घ्यावा, कारण शहराची सर्वांत जुनी वस्ती तीच आहे आणि बाकीच्या पेठा तिच्याभोवती वाढत गेल्या आहेत.

सकाळी साडेसहा ते साडेनऊ ही वेळ उत्तम. तेव्हा वाहने कमी असतात, देवळे उघडी असतात आणि घरांची मंडळी ओसरीवर किंवा दारात भेटतात. आठवड्याचा वार ठरवताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. रविवारी रस्ते मोकळे मिळतात, परंतु तांबट आळीतले ठोके ऐकायचे असतील तर कामाच्या दिवशीच जावे लागते. स्वतःची चारचाकी नेऊ नये. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ आणि मंडई या स्थानकांवर थांबते, त्यामुळे गाडी कोठे लावावी ही चिंताच उरलेली नाही. पायांत सहज काढता-घालता येतील अशा चपला असाव्यात, कारण दर शंभर पावलांवर देऊळ येते. पाण्याची बाटली, थोडी सुटी नाणी आणि एक वही बरोबर असावी. वहीविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुसरी पायरी: निघण्याआधी नावांची यादी करावी

आदल्या संध्याकाळी मोबाइलवरील नकाशा उघडून निवडलेल्या भागातील पेठा, आळ्या, चौक आणि देवळे यांची नावे वहीत उतरवून काढावीत. मग त्यांचे गट पाडावेत. वारांची नावे असलेल्या पेठा एकीकडे. व्यक्तींची नावे असलेल्या, उदाहरणार्थ सदाशिवरावभाऊंची सदाशिव पेठ, नारायणरावांची नारायण पेठ, रास्ते घराण्याची रास्ता पेठ, दुसरीकडे. आणि तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, चोळखण आळी अशी व्यवसायांवरून पडलेली नावे तिसरीकडे. एवढे केले तरी शहराची घडण कागदावर दिसू लागते. कोणी वस्ती वसवली, कोणाला जागा दिली, कोणते कारागीर शेजारी-शेजारी राहत, याचा अंदाज येतो.

वारांच्या पेठांना पूर्वी वेगळी नावे होती, हे बहुतेकांना नवे असते. शुक्रवार पेठ म्हणजे विसापूर, रविवार पेठ म्हणजे मलकापूर, सोमवार पेठ म्हणजे शहापुरा, शनिवार पेठ म्हणजे मुर्तजाबाद. १७०३ साली औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात असताना त्याचा नातू येथे वारला आणि त्याच्या नावावरून मुहियाबाद हे नाव पडले. तीच आजची बुधवार पेठ. नवी पेठ वसवायची म्हटले की व्यापारी व कारागिरांना ठरावीक वर्षे करात सूट देणारा कौल दिला जाई, मग वस्ती धरू लागे. आज एखादे नवे उपनगर वसते तेव्हा सवलतींची जाहिरात होते, त्याचेच हे जुने रूप म्हणता येईल.

ज्यांना इंग्रजी वाचनाचा कंटाळा नाही, त्यांनी १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचा तिसरा भाग चाळावा. त्यात तत्कालीन शहराचे पेठवार वर्णन आहे. भाषा रुक्ष आहे आणि दृष्टी साहेबाची आहे, तरीही दीडशे वर्षांपूर्वी कोणती वस्ती कोठे होती हे पडताळण्यासाठी त्याइतके सोयीचे साधन क्वचितच सापडते.

तिसरी पायरी: पहिला फेरफटका

कसबा पेठ मेट्रो स्थानकातून बाहेर पडून शनिवारवाड्याकडे चालत जावे, पण लगेच तिकीट काढून आत शिरू नये. आधी तटाबाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालावी. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला. प्रदक्षिणेत नऊ बुरूज आणि पाच दरवाजे मोजता येतात. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. मुख्य दरवाजा उत्तरेकडे असल्याने तो दिल्ली दरवाजा. त्याच्या फळ्यांवरील लोखंडी अणकुचीदार खिळे शोभेसाठी नाहीत. हत्तीने मस्तकाची धडक देऊन दार फोडू नये यासाठी ते बसवलेले आहेत, आणि म्हणून ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवरच दाट आहेत. दरवाजाच्या आतल्या बाजूला भिंतींवर जुन्या चित्रांचे अवशेष आहेत, त्यांच्याकडे पाहण्यासाठी डोळे अंधाराला सरावू द्यावेत.

आत गेल्यावर पुष्कळ लोक निराश होतात. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत वाड्याच्या इमारती जळून गेल्या आणि आज केवळ जोती उरली आहेत. या निराशेवर एक उपाय आहे. जोत्यांवरून चालताना खांबांखालचे दगडी तळखडे शोधावेत. दोन तळखड्यांमधील अंतर पावलांनी मोजले की दालन किती मोठे होते ते कळते, आणि मग रिकाम्या जागेत भिंती उभ्या राहू लागतात. कमळाच्या पाकळ्यांच्या आकाराचे हजारी कारंजेही येथेच आहे. त्यातले पाणी कोठून येत असे, हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा. त्याचे उत्तर पुढच्या फेरीत मिळते.

नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी याच वाड्यात खून झाला. पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या आरोळ्यांची कथा कोणी ना कोणी सांगेलच. ती ऐकून घ्यावी, वाद घालू नये.

तेथून लाल महाल अगदी जवळ आहे. शहाजीराजांनी बांधलेला मूळ महाल केव्हाच नष्ट झाला असून आजची वास्तू १९८० च्या दशकात महानगरपालिकेने उभारलेली आहे, हे मनाशी बाळगूनच ती पाहावी. याचा अर्थ तेथे जाऊ नये असा नाही. १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर घातलेला छापा याच परिसरात झाला. लाल महालाच्या दारात उभे राहून नदी कोणत्या दिशेला आहे आणि सिंहगड कोणत्या दिशेला आहे, हे पाहिले म्हणजे त्या रात्रीचे धाडस अंतरांच्या भाषेत समजते.

पुढे कसबा गणपती. हे पुण्याचे ग्रामदैवत, आणि विसर्जन मिरवणुकीतला पहिला मानाचा गणपती. देवळातून निघाल्यावर मुख्य रस्ता सोडून आळ्यांत शिरावे. येथे जमीन सपाट नाही हे पायांना जाणवेल. जुनी वस्ती हळूहळू उंच होत गेली आहे आणि तिच्या कडेने पूर्वी मातीचा कोट होता. वाट चढते कोठे आणि नदीकडे उतरते कोठे याची खूण करून ठेवावी. तांबट आळीत हातोडीचा ठोका कानी येईल, त्या दिशेने जावे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके देऊन चकाकता खवल्याखवल्यांचा पृष्ठभाग उठवण्याच्या कामास येथे मठारकाम म्हणतात. पेशवाईत भांड्यांचे आणि इतर तांबेकामाचे मोठे काम असल्याने कोकणातून आलेली ही मंडळी येथे स्थायिक झाली. कारागीर कामात असेल तर दारात क्षणभर थांबून नमस्कार करावा, त्याने हात थांबवल्यावरच बोलावे, आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. एखादे लहान भांडे विकत घेतले तर संभाषणाला अधिक वेळ मिळतो, हेही खरे.

कसब्याच्या पूर्वेला नागझरी ओलांडली की सोमवार पेठ लागते. आज नागझरीला नाला म्हणून नाके मुरडली जातात, परंतु जुन्या पुण्याची पूर्वेकडची हद्द तीच होती. कमला नेहरू रुग्णालयाच्या जवळ, बाहेरून सहज नजरेत न भरणारे त्रिशुंड गणपतीचे देऊळ आहे. घाई असेल तर या फेरीतले बाकी सारे गाळावे, पण हे गाळू नये. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ साली त्याचे काम सुरू केले आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला आहे. गर्भगृहाच्या परिसरात संस्कृत आणि फारसी अशा दोन्ही भाषांतील शिलालेख आहेत. दर्शनी भिंतीवरचे शिल्प तर सबंध महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही असे आहे: बंदूकधारी गोरे शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधत आहेत. प्लासीच्या लढाईनंतर बंगालकडच्या प्रदेशावर इंग्रजांनी मिळवलेल्या ताब्याचे हे प्रतीक असावे, असे अभ्यासक मानतात. पेशवाई भरात असताना, पुण्यातला एक गोसावी आपल्या देवळाच्या दारावर दूरच्या बंगालची बातमी दगडात कोरून ठेवतो, ही गोष्ट मला शनिवारवाड्याच्या भव्यतेपेक्षा अधिक विचार करायला लावते. सोनेनाण्याचा, वस्त्रांचा आणि बातम्यांचा व्यापार गोसावी मंडळी देशभर करत, हे ध्यानात घेतले की त्या गेंड्याचे नवल थोडे कमी होते, पण ओसरत नाही.

पहिली फेरी येथे संपवावी. दमल्यावर पाहिलेले लक्षात राहत नाही.

चौथी पायरी: पाण्याचा माग काढावा

आता हजारी कारंज्याचा प्रश्न. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला बांध घालून तलाव केला आणि तेथून बंदिस्त नळाने पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले. पंप नव्हते, यंत्रे नव्हती. कात्रज उंचावर आणि शहर सखल, एवढ्या उताराच्या भरवशावर सारी योजना चालत होती. नळ म्हणजे आजच्यासारखी नळी नव्हे. दगड-विटांनी बांधलेला, ठिकठिकाणी माणूस आत उतरू शकेल असा तो भुयारी मार्ग होता. कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा जोर आवरला जावा म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर मनोऱ्यासारखी बांधकामे केली होती, त्यांना उच्छ्वास म्हणतात. गाळ खाली बसावा अशीही सोय होती. शहरात पोहोचल्यावर हे पाणी हौदांत पडे आणि तेथून लोक ते भरून नेत.

या फेरीचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात कात्रजचा तलाव पाहावा. तो राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात आहे, त्यामुळे मुलांनाही बरोबर नेता येते. मुले वाघ पाहतात, आपण बांध पाहावा. दुसऱ्या भागात सदाशिव पेठ हौद, काळा हौद, खजिना विहीर, पंचहौद ही नावे नकाशावर शोधून एकामागून एक गाठावीत. काही हौद बुजले आहेत, काहींभोवती बांधकाम झाले आहे, काहींचे केवळ नाव बसथांब्याच्या पाटीवर उरले आहे. तरीही ती ठिकाणे नकाशावर रेषेने जोडली की दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरत येणारी पाण्याची वाट कागदावर उमटते. खांबावर लावलेली पाटी वाचून ‘येथे हौद होता’ असे नोंदवण्यापेक्षा हे काम कितीतरी अधिक रंजक आहे.

पाण्याच्या याच धाग्यावर पुढचा काळही ओवता येतो. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि शहराची भिस्त कात्रजवरून हळूहळू तिकडे सरकली. त्यानंतर १२ जुलै १९६१ चा दिवस. पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. शनिवार आणि नारायण पेठेतील अनेक वाडे त्या दिवशी कोसळले. जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात आजही ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी कालगणना आढळते. ओंकारेश्वराच्या देवळापाशी, नदीकाठच्या पारावर किंवा एखाद्या जुन्या दुकानात वयस्कर गृहस्थ बसलेले असतील, तर ‘आजोबा, पानशेतच्या वेळी पाणी इथे कुठवर आलं होतं?’ एवढा एकच प्रश्न नम्रपणे विचारावा. ‘पुण्याच्या इतिहासाबद्दल सांगा’ असे म्हटले तर समोरचा माणूस गोंधळतो आणि बाजीराव-मस्तानीवर घसरतो. पाणी कुठवर आले होते असे विचारले की तो उठून भिंतीवर हाताने रेषा दाखवतो. मग त्या रेषेखालच्या घरात कोण राहत होते, वाडा कोणाचा होता, त्यानंतर ते कुटुंब कोठे गेले, असे सारे ओघाने येते. सहकारनगर, पर्वती, लोकमान्यनगर या भागांतली कित्येक घरे पुराच्या त्या दिवसाशी जोडलेली निघतात.

पाचवी पायरी: वाडा वाचायला शिकावे

पेठांतले वाडे झपाट्याने कमी होत आहेत, त्यामुळे ही पायरी लांबणीवर टाकू नये. सरावासाठी बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाडा योग्य, कारण तो सार्वजनिक आहे. दुसऱ्या बाजीरावाचे हे निवासस्थान. १८२१ साली इंग्रज सरकारने येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून आधी दर्शनी भाग निरखावा. सुरूच्या झाडाच्या आकाराचे निमुळते लाकडी खांब, त्यांच्या वरच्या टोकांना कोरलेली केळफुले आणि पुढे आलेला सज्जा, ही पेशवाईतील लाकूडकामाची ओळखचिन्हे आहेत. एकदा ती डोळ्यांत बसली की सदाशिव, शनिवार आणि कसबा पेठेतील मोडकळीस आलेल्या वाड्यांतही ती ओळखू येतात.

घडीव दगडाचे जोते, मोठ्या दरवाजातली लहान दिंडी, दोन्ही बाजूंच्या देवड्या, आतला चौक, ओसरी, कोनाडे, चौकातली विहीर किंवा तुळशीवृंदावन असा वाड्याचा क्रम असतो. खाजगी वाड्याची दिंडी उघडी दिसली म्हणून आत शिरू नये. तेथे भाडेकरू राहतात, मालक-भाडेकरू यांचे वाद कोर्टात असतात, आणि वही घेऊन भिंतींकडे पाहणारा अनोळखी माणूस बिल्डरचा किंवा महापालिकेचा असावा असा संशय येणे अगदी साहजिक आहे. माझ्यावर एकदा अशी वेळ आली होती. आतल्या काकूंनी मला अर्धा तास दुरुस्तीच्या तक्रारी सांगितल्या आणि मी अधिकारी नाही हे कळल्यावर चहा न देताच वाटेला लावले. त्यांचे काही चुकले नाही. दारातून हाक मारून, आपले नाव सांगून, ‘काकू, चौक पाहू का?’ असे विचारावे. नकार आला तर आभार मानून पुढे जावे.

सहावी पायरी: वहीचे तीन रकाने

प्रत्येक ठिकाणासाठी वहीत तीन रकाने आखावेत: पाहिले, वाचले, ऐकले. हे तीन प्रकार एकमेकांत मिसळू दिले की इतिहासाची भाकडकथा होते. पुण्यातील देवांची नावे या दृष्टीने उत्तम अभ्यास आहेत. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा या प्रत्येक नावामागे किमान दोन कथा सांगितल्या जातात. पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार जवळ भरे म्हणून पासोड्या विठोबा, हे पटण्यासारखे आहे. खुन्या मुरलीधराच्या देवळापाशी पूर्वी चकमक होऊन माणसे मारली गेली, असे सांगितले जाते. ऐकलेली गोष्ट ‘ऐकले’ या रकान्यात, सांगणाऱ्याच्या अंदाजे वयासह लिहावी. पुढे पुस्तकात ती सापडली तर बाण काढून ‘वाचले’ या रकान्याला जोडावी. सार्वजनिक गणेशोत्सव प्रथम कोणी सुरू केला हा प्रश्न मात्र दोन वेगवेगळ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना एकाच ठिकाणी विचारू नये. त्यातून इतिहास हाती लागत नाही, सकाळ तेवढी जाते.

जी वास्तू उरलेलीच नाही तिच्यासाठीही पान ठेवावे. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा ज्या भिडेवाड्यात सुरू केली, तो बुधवार पेठेतील वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. त्या जागेपासून निघून महात्मा फुले मंडई पाहावी आणि पुढे गंज पेठेतील फुलेवाड्यापर्यंत चालत जावे. ही छोटी फेरी स्वतंत्र दिवस काढण्याच्या योग्यतेची आहे. मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ साली उघडली तेव्हा गव्हर्नर रे यांच्या नावाने ती ओळखली जाई. गंमत अशी, की नगरपालिकेचे सदस्य असताना फुले यांनी या बांधकामावरील खर्चाला विरोध केला होता, शिक्षणावर पैसा खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते; आणि आज ती इमारत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. फुलेवाड्यातील हौद १८६८ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला. चौथ्या पायरीत हौदांची जी रेषा आपण काढली, तिच्यावर कोणाला पाणी भरता येत होते आणि कोणाला नाही, हा प्रश्न या हौदापाशी उभे राहिल्याशिवाय मनात येतच नाही.

सातवी पायरी: छपराखालचे दिवस

पावसाळ्यात किंवा भर उन्हात संग्रहालये आणि संस्था पाहाव्यात. वेळा आणि सुट्ट्या आधी दूरध्वनीवर विचारून घ्याव्यात. राजा दिनकर केळकर संग्रहालय सर्वप्रथम. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ ते उभारले. तेथे दिवे, अडकित्ते, दौती, दारे आणि स्वयंपाकघरातील भांडी आहेत, आणि कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही आहे. वाड्यांच्या रिकाम्या कोनाड्यांत कोणत्या वस्तू असत, हे येथे कळते.

सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केले. नवख्याने तेथे काही शोधायला जाण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून न्यावा. पुणे अभिलेखागारात, ज्याला लोक पेशवे दप्तर म्हणतात, मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. मोडी येत नसेल तर तेथे जाऊन हात हलवत परत यावे लागते. मात्र मोडी शिकवणारे वर्ग पुण्यात भरतात आणि मूळाक्षरांची ओळख होण्यास काही आठवडे पुरतात.

आठवी पायरी: पेठांबाहेर

पर्वती, पाताळेश्वर आणि लष्कर भाग यांच्यासाठी एकेक सकाळ ठेवावी. पर्वतीच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर आधी देवदर्शन, मग उत्तरेकडे तोंड करून आतापर्यंत फिरलेल्या पेठा ओळखाव्यात. पानिपतच्या बातमीने खचलेल्या नानासाहेबांचा १७६१ च्या जूनमध्ये येथेच अंत झाला. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर हे राष्ट्रकूट काळातले, आठव्या शतकातील अपूर्ण राहिलेले लेणे. समोरचा वर्तुळाकार नंदीमंडप पाहिल्यावर पुण्याचे वय पेशवाईपासून मोजण्याची सवय सुटते. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर वसलेल्या लष्करात सरळ रस्ते, चर्च आणि डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले आणि १८६७ साली पुरे झालेले लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ, हे सारे पेठांच्या वळणावळणाच्या आळ्यांनंतर परक्या शहरासारखे वाटते. तीन किलोमीटरच्या आत.

जे बाणेर, पाषाण, कोथरूड, वाकड किंवा हडपसर येथे राहतात, त्यांनी शेवटची फेरी स्वतःच्या घरापासून काढावी. सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला किंवा भाजीवाल्या मावशींना ‘गावठाण कुठे?’ असे विचारले की मूळ गाव सापडते. बाणेरच्या टेकडीत बाणेश्वराचे लेणे आहे, पाषाणजवळ सोमेश्वराचे जुने देऊळ आहे. इतरत्रही मारुतीच्या देवळामागे, वडाच्या पारावर किंवा वेशीच्या जागी शेंदूर फासलेले कोरीव दगड टेकवून ठेवलेले असतात. त्यांत तीन-चार चौकटी एकावर एक असून खालच्या चौकटीत लढाई आणि सर्वांत वर शिवलिंग असेल, तर तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, समजावा. कोपरातून वर उठलेला बांगड्यांचा हात असेल, तर सतीशिळा. दगड हलवू नये, शेंदूर खरवडू नये. जागा, उंची आणि चौकटींची संख्या ‘पाहिले’ या रकान्यात लिहून, पारावर बसलेल्या मंडळींना गावात पूर्वी कोणाची पाटीलकी होती एवढे विचारावे.